दिवसभराचं सांगायचं कुणाला? घटस्फोटानंतरची माझी चार वर्षं

मार्च २०२१ मध्ये साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन मी वेगळी राहायला लागले. आज ती चौथीत आहे. मधल्या काळात किती रात्री मी मोबाइल घेऊन दुसऱ्या कुणा बाईनं लिहिलेलं काही सापडतं का, ते शोधत बसायचे. कलमं सापडायची, वकिलांचे लेख सापडायचे. पण कोर्टातून घरी आल्यावर त्या बाईनं काय केलं, पोरीला काय सांगितलं, झोप कशी लागली, हे कुणी लिहिलेलं नसायचं. ते मी लिहिते आहे. आमच्यात काय बिनसलं ते यात नाही. ती गोष्ट दोघांची आहे, आणि माझी लेक उद्या हे वाचणार आहे. तिला इथे चिऊ म्हणते.

सुरुवात एका खोट्यानं झाली. भाड्याची जागा शोधताना एजंटनं सांगितलं, "ताई, मिस्टर बाहेरगावी असतात म्हणा, नाहीतर घरमालक जागा देणार नाही." मी तसं म्हटलं. चाळीस हजार डिपॉझिट, अकरा हजार भाडं, आणि एक वाक्य. शेजारच्या काकूंना तेच सांगितलं, बालवाडीत तेच सांगितलं, आणि कधीतरी चिऊलाही. "बाबाचं ऑफिस लांब गेलंय." तो कधी रविवारी यायचा, एरवी व्हिडिओ कॉल करायचा, त्यामुळे तिला ते पटतही होतं. मला वाटायचं, लहान आहे, नंतर सांगू. हे नंतर वर्षभर लांबलं.

परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्ज करण्याआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. आम्ही एप्रिल २०२२ मध्ये कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. वकीलबाईंची फी चाळीस हजार, दोघांनी निम्मी-निम्मी दिली. अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं की काही अटी पुऱ्या होत असतील तर हे सहा महिने माफ करता येतात. मी तो निकाल कुठूनतरी वाचून मोठ्या आशेनं वकीलबाईंकडे गेले. त्यांनी समजावलं की त्यातली एक अट म्हणजे अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असणं, आणि आमचं तेरा महिनेच झालेत. तेव्हा फार चिडचिड झाली. आज वाटतं, ते सहा महिने चिऊच्या उपयोगी पडले.

कारण मे महिन्यात आम्हाला न्यायालयातल्या विवाह समुपदेशक बाईंकडे पाठवलं. ही सेवा न्यायालयाचीच असते, तिचे वेगळे पैसे नसतात. मी जाताना धास्तावलेली होते. वाटलं, आता या मला संसाराचे धडे देणार. त्यांनी आधी एकेकट्याशी बोलून घेतलं, मग दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, "मुलीला काय सांगितलंय?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. कित्येक महिन्यांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकाच वेळी गप्प झालो.

त्या म्हणाल्या, दोघांनी मिळून सांगा, थोडक्यात सांगा, आणि जे सांगाल ते पुढच्या वर्षीही खरं राहील असं सांगा. आम्ही एका रविवारी सकाळी बागेत गेलो. बाकावर ती मध्ये बसली. "आई आणि बाबा आता एका घरात राहणार नाहीत. तू माझ्याकडे राहशील आणि बाबाला भेटत राहशील. आम्ही दोघंही तुझेच आहोत." एवढं बोलायला आम्ही घरी वेगवेगळी उजळणी करून आलो होतो. ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मी लॅपटॉपवर दूध सांडलं म्हणून का?"

दूध सांडल्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. आम्ही दोघं ते विसरलो होतो. ती दीड वर्ष ते मनात घेऊन हिंडत होती, आणि आम्ही तिला सांगत होतो की ऑफिस लांब गेलंय. ज्या कुणी आज "नंतर सांगू" म्हणत असाल, त्यांनी एवढं लक्षात ठेवा की आपण सांगितलं नाही तर मूल स्वतःच कारण शोधतं, आणि या वयात ते कारण बहुतेक वेळा स्वतःच्या वागण्यात शोधतं. "तुझ्यामुळे नाही" हे मी तेव्हापासून किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. एकदा सांगून भागत नाही.

त्यानंतर ती रात्री अंथरूण ओलं करायला लागली. पावणेसहा वर्षांची होती, सवय सुटून अडीच वर्षं झाली होती. मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन लघवीची तपासणी केली, संसर्ग नव्हता. डॉक्टर म्हणाले, घरात मोठा बदल झाला की मुलं काही दिवस अशी मागे जातात, रागावू नका. गादीवर मेणकापड आणि उशाशी कोरडी चादर-फ्रॉक ठेवून द्यायचे, म्हणजे रात्री दिवा न लावता बदलता यायचं. दोन-अडीच महिन्यांत थांबलं.

त्याच सुमारास अटींचा मसुदा ठरत होता. ताबा माझ्याकडे, महिन्याला बारा हजार पोटगी चिऊसाठी, दर दुसऱ्या शनिवारी अकरा ते पाच तिला बाबाकडे न्यायचं. वकीलबाईंनी एक ओळ आग्रहानं घालायला लावली: शाळा, दवाखाना, बँक आणि पासपोर्ट यासाठी आईची एकटीची सही पुरेशी राहील. मला वाटलं, ताबाच आहे म्हटल्यावर हे वेगळं कशाला? पण १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि "त्यांच्यानंतर" आई असं लिहिलेलं आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं "नंतर" म्हणजे वडील हयात नसतानाच असं नव्हे, असा अर्थ लावला. तरी खिडकीपलीकडच्या माणसाला निकाल माहीत असतोच असं नाही. त्याला दाखवायला आपल्या हुकुमातली एक ओळ असली की वाद तिथेच संपतो. तुमच्या अटी अजून ठरायच्या असतील तर ही ओळ जरूर घाला.

निकाल १७ नोव्हेंबर २०२२ ला लागला. सकाळी साडेदहापासून बसलो होतो, पुकारा झाला पावणेबाराला. न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, कुणाचा दबाव नाही ना, अटी वाचल्यात ना. दहा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "शनिवारी अकराच ना?" मी हो म्हटलं. तो पार्किंगकडे गेला, मी बसस्टॉपवर.

मी पूर्ण दिवसाची रजा टाकली होती आणि बारा वाजता मोकळी झाले होते. चिऊला पाळणाघरातून पाच वाजता आणायचं होतं. घरी जाववेना. दोन बस सोडल्या. मावसबहिणीचा फोन आला, "सुटलीस गं बाई एकदाची!" ती मायेनंच म्हणाली. पण मला सुटल्यासारखं वाटत नव्हतं, रडायला येत होतं, आणि ज्यातून आपण होऊन बाहेर पडले त्यासाठी रडायचं कसं, हेही कळत नव्हतं. त्या दिवशी कुणालातरी सोबत न्या. वकील नव्हे, नातेवाईकही नको वाटले तर मैत्रीण, जी नंतर दोन तास नुसती शेजारी बसेल. मी एकटी गेले, ते चुकलं. आणि हुकुमाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा. मला तीन आठवडे लागले. एक घेतली होती, नंतर शाळेसाठी आणि बँकेसाठी आणखी दोन काढाव्या लागल्या. पहिल्यांदाच तीन-चार घ्या.

खरा कठीण काळ यानंतरचा.

डिसेंबरमध्ये चिऊला उलट्या आणि १०३ ताप. रात्री अकरा वाजता रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेली. एका हातावर ती, दुसऱ्या हातानं फॉर्म. सलाईन लावलं आणि ती माझा अंगठा मुठीत धरून झोपली. मला लघवीला जायचं होतं. अंगठा काढला की ती दचकून उठायची, सलाईनचा हात हलवायची. नर्स एकटीच होती, तिला दहा पेशंट. मी पहाटे चारपर्यंत तशीच बसून राहिले. शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन बसलेल्या आजी केव्हातरी जाग्या झाल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जा बाई, जाऊन ये. मी बसते हिच्यापाशी." त्यांनी माझा अंगठा हळूच सोडवला आणि स्वतःचा दिला. मी संडासात जाऊन दार लावलं आणि भिंतीला टेकून रडले. त्या आजींचं नावही मला माहीत नाही.

सकाळी घरी सोडलं. बिल आठ हजार चारशे. चिऊ झोपली आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले. मला कुणालातरी सांगायचं होतं की सुई टोचताना ती रडली नाही, तिनं नर्सला विचारलं, "हातातलं पाणी पोटात कसं जाणार?" आईला सांगावं तर तिला रक्तदाबाचा त्रास, ती आठवडाभर झोपणार नाही. चिऊच्या बाबाला ताप उतरल्याचा मेसेज केला होता, त्याचं "ओके, काळजी घे" आलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं; ती रात्र त्यानं पाहिली नव्हती.

तोवर मी समजत होते की मला कामाचा ताण आहे. घर, नोकरी, शाळा, पैसे, सगळं एकटीवर, म्हणून थकवा. त्या सकाळी कळलं की काम मी निभावू शकते. मला छळत होतं ते हे, की या मुलीचा दिवस माझ्याशिवाय कुणी पाहत नाही. तिचं पहिलं वाचलेलं वाक्य, तिचा ताप, तिचं बोलणं, सगळं माझ्यापाशी येऊन थांबतं. "आज काय झालं माहितीये?" असं रात्री कुणाला म्हणायची सोयच नाही.

पुढचे पाच-सहा आठवडे वाईट गेले. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण नकोसं. एका संध्याकाळी गणितात ती तिसऱ्यांदा चुकली आणि मी तिची कंपास पेटी भिंतीवर फेकली. झाकण वेगळं झालं. ती काही बोलली नाही. कपाटाखाली हात घालून तिनं शार्पनर काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि पेटीत ठेवला. तिचं ते मुकाट्यानं आवरणं बघून मला भीती वाटली, माझीच.

त्या रात्री, जानेवारी २०२३ मध्ये, मी टेली-मानसला फोन केला. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत फोनसेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, मला द्यायचं नव्हतं, त्यांनी हट्ट केला नाही. पहिली पाच मिनिटं मी नुसती रडले. त्यांनी सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. मी नाही म्हटलं, ते खरं होतं. पण कुणी असं स्पष्ट विचारल्यावर छातीवरचं ओझं हललं. तुमचं उत्तर "हो" असेल तर उजाडायची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा आणि घरात कुणालातरी उठवा.

त्यांनी प्रत्यक्ष कुणाला तरी भेटायला सांगितलं. समुपदेशकांची वेळ अकरा दिवसांनी मिळाली, पन्नास मिनिटांचे नऊशे रुपये. परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपरच्या किरकोळ पैशांत दाखवता येतं. तिथे वेळ जातो, अर्धी रजा काढून जा. पहिल्या भेटीत पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. एकूण सत्तावीस गुणांची असते, माझे चौदा आले, म्हणजे मध्यम स्वरूपाचं नैराश्य. त्यांनी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायलाही सांगितलं. हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात जिना चढताना धाप लागायची थांबली. मनाचं म्हणून सगळं मनावर टाकू नका, रक्त तपासा.

समुपदेशकांकडे जाण्याआधी मी वकीलबाईंना फोन केला होता. पोटात एकच गोळा होता: उपचाराचा कागद झाला तर उद्या कुणी म्हणेल, हिला मुलीचा ताबा कसा? त्या म्हणाल्या, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरून कुणाला वेडं ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. "उपचार घेणारी आई जबाबदारीनं वागतेय," असं त्या म्हणाल्या. या भीतीपायी न जाणाऱ्या बायका मला नंतर भेटल्या, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

फेब्रुवारी ते जुलै समुपदेशकांबरोबर अशा दहा भेटी झाल्या. त्यातलं पुष्कळसं माझ्यापाशीच ठेवते. कामी आलं ते थोडं सांगते. ओरडले तर त्याच संध्याकाळी, झोपायच्या आधी तिच्याशी बोलायचं: "माझं चुकलं. मी दमले होते. पेटी फेकायला नको होती." पुढे "पण तू पण..." जोडायचं नाही. साडेसहा ते आठ ही माझी सगळ्यात वाईट वेळ होती, आणि त्याचं कारण साधं निघालं, मी दुपारी एकनंतर काही खाल्लेलंच नसायचं. ऑफिसातून निघताना दोन पोळ्या नाहीतर मूठभर शेंगदाणे-गूळ खाऊन निघायला लागले. एवढ्यानं अर्धी भांडणं कमी झाली.

आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. "लेकीचं कौतुक शेवटचं कुणाला सांगितलंत?" मला आठवेना. त्या म्हणाल्या, एक माणूस निवडा आणि त्याच्याकडे स्पष्ट मागा.

मागायला मला दोन आठवडे लागले. कॉलेजातली एक मैत्रीण होती, तिचा नवरा करोनात गेला, मुलगा चिऊहून तीन वर्षांनी मोठा. तिला तिचं दुःख थोडं आहे का, त्यात मी कशाला, असं वाटायचं. शेवटी लिहिलं, "रोज रात्री दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला तर ऐकशील? उत्तर नको." तिचं उत्तर लगेच आलं, "मी पण पाठवू?" आम्ही ठरवलं की सल्ला द्यायचा नाही. फक्त आजचं सांगायचं.

शनिवारची सवय व्हायला त्याहून वेळ लागला. अकराला दारातून ती स्कूटरवर बसून जायची आणि घर एकदम रिकामं. पहिल्या काही शनिवारी मी तिचं कपाट आवरत बसायचे, पाचपर्यंत तिच्याच वस्तूंमध्ये. मग ठरवून घराबाहेर पडायला लागले. केस कापणं, बँक, कधी नुसतं लांब चालणं. ती परत आली की "बाबानं काय दिलं, कोण होतं" विचारायचा मोह फार होतो. मी फक्त "भूक लागलीय का?" विचारते. ती आपणहून सांगते, तिच्या वेळेनं.

मे २०२४ मध्ये तिचा पासपोर्ट काढला. डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. अर्जाला पालकांचं घोषणापत्र जोडावं लागतं: दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर अ‍ॅनेक्शर सी, दोघांची असेल तर अ‍ॅनेक्शर डी. वडिलांच्या नावाच्या रकान्यासमोर मी खूप वेळ बसले होते. त्याचं नाव गाळता आलं असतं. पण ते नाव चिऊच्या बाबाचं आहे, माझ्या रागाशी त्याचा संबंध लावायचा नाही, असं ठरवून मी ते लिहिलं. त्यानं शनिवारी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून डी वर सही केली. मुलांची फी हजार, आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सवलत, म्हणून नऊशे रुपये लागले. नऊ दिवसांनी वेळ मिळाली. खिडकीवरच्या गृहस्थांनी चिऊला सहज विचारलं, "बाबा नाही आले?" माझ्या पोटात खड्डा पडला. ती म्हणाली, "आज मंगळवार आहे. बाबाचा शनिवार असतो." त्यांनी मान डोलावली आणि तिला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं.

पहाटेची जाग अजून कधीकधी येते. शाळेच्या पालकसभेत जोडीनं आलेले आईबाप बघून अजून दुखतं. पीएचक्यू-९ मी वर्षातून दोनदा भरते. गेल्या वेळी पाच आले होते.

व्हॉइस मेसेज मात्र एकही रात्र चुकलेला नाही. गेल्या आठवड्यात मला सर्दीनं बोलवत नव्हतं, तर चिऊनं फोन ओढून घेतला. "आजचं मी सांगते," म्हणाली, आणि बटण दाबून ठेवून बोलायला लागली. "मावशी, आज आईचा आवाज बसलाय. तिनं दोनदा वाफ घेतली. मी माझी वेणी मीच घातली, पण एकच, कारण दोन समान येत नाहीत. आणि आईनं वरणात मीठ घातलं नव्हतं. मी सांगितलं नाही. उद्या सांगणार आहे."